लहान फील्डच्या क्यूएसाठी ईबीटी३ फिल्म: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सांगलीच्या रेडिएशन उपचार विभागात मेंदूतल्या छोट्या गाठींचे स्टिरिओटॅक्टिक (नेमक्या जागी बारीक झोताचे) प्लॅन सुरू झाले आणि ते रुग्णाआधी तपासायला, म्हणजे क्यूएसाठी, किरण पडले की गडद होणाऱ्या ईबीटी३ फिल्मची पहिली पेटी आली. आत 8 × 10 इंची 25 शीट. डोस मोजणारं चेंबर हाताशी असताना हे कात्रीकाम कशाला, असंच तेव्हा वाटलं होतं.

मत बदललं ते 1 सेंटीमीटरच्या फील्डनं, म्हणजे तेवढ्याच रुंदीच्या किरणांच्या झोतानं. नेहमीचं फार्मर चेंबर इथं कामाचंच नाही, त्याची पोकळीच दोन सेंटीमीटरहून लांब. म्हणून छोटं चेंबर लावलं, तरी डोस प्लॅनपेक्षा कमी भरत होता. दोन संध्याकाळी मशीनवर संशय घेण्यात गेल्या. मार्केट यार्डात ओतलेला हळदीचा ढीग आठवा. टोकावरून हात फिरवून तो सपाट केला की उंची कमी भरणारच. एवढ्या लहान फील्डमध्ये डोसला सपाट माथा नसतो, निमुळतं टोक असतं, आणि चेंबर आपल्या पोकळीभर त्याची सरासरी काढतं. त्यात ते मिलिमीटरभर सरकलं तर आकडा आणखी घसरतो, पण का घसरला ते आकड्यावरून कळत नाही. फिल्मवर ते दिसलं: बीम जागेवर होता, चेंबरच बाजूला बसलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) 2017 च्या टीआरएस-483 या मार्गदर्शिकेत लहान फील्डसाठी डिटेक्टरनिहाय करेक्शन फॅक्टर दिले आहेत, पण चुकीच्या जागी ठेवलेल्या चेंबरला कुठला फॅक्टर लावणार?

आता त्रासाचं. फिल्मला डार्करूम लागत नाही, ती आपोआप काळपट होते; खरा छळ तो काळेपणा वाचणाऱ्या स्कॅनरचा. तेच शीट आडवं ठेवलं की एक वाचन, उभं ठेवलं की दुसरं. जुलैत कॅलिब्रेशनचे (माहीत असलेला डोस दिलेले) तुकडे एका दिशेनं आणि रुग्णाच्या प्लॅनचे दुसऱ्या दिशेनं स्कॅन झाले. चूक माझीच. चांगला प्लॅन नापास दिसत राहिला. तेव्हापासून कापण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात मार्करनं बाण काढतो. काचेच्या कडेला वाचन बदलतं, म्हणून तुकडा कायम मधोमध. पावसाळी हवेत फिल्म वाकडी होऊन काचेवरून उचलली जाते, त्यावर जाड काच दाबून ठेवली. लाइट जाऊन आल्यावर पहिले पाच स्कॅन सरळ टाकून देतो, दिवा तापायला हवा.

घाई असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: डोस दिल्यानंतरही फिल्म गडद होत राहते, सुरुवातीला भराभर, मग हळूहळू. आम्ही कॅलिब्रेशन आणि प्लॅन दोन्ही 24 तासांनीच स्कॅन करतो. मंगळवारी रुग्ण असेल तर सोमवारी सकाळी मशीन रिकामं मिळवावं लागतं, आणि त्यावरून टेक्निशियनशी दर आठवड्याला गोड बोलावं लागतं.

एकाच बैठकीत 20 ग्रे (डोसचं एकक) द्यायचे असतील तर स्कॅनचा लाल चॅनेल दमतो, डोस वाढला तरी वाचन फारसं बदलत नाही. मग हिरवा घ्यायचा किंवा एमयू (मशीननं किती किरण सोडायचे त्याचं माप) कमी करून मोजायचं. आम्ही दुसरा मार्ग धरला, पण त्यात पूर्ण डोसची खात्री वेगळी करावी लागते.

गामाच्या, म्हणजे प्लॅनशी जुळणाऱ्या बिंदूंच्या, टक्केवारीवर एकटं विसंबू नये. अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टीजी-218 अहवालातले 3 टक्के डोसफरक, 2 मिलिमीटर अंतर हे निकष ठीक, पण गाठ वाटाण्याएवढी असली की भोवतालच्या कमी डोसचेच बिंदू जास्त असतात आणि तेच निकाल उचलून धरतात. मी आधी मधून जाणारी प्रोफाइल (डोसचा आलेख) बघतो, टक्केवारी नंतर.

दुसरी पेटी ऑक्टोबर हीटमध्ये पुरवठादाराच्या बंद गाडीतून आली, एक्स्पायरीही जवळची. फिल्म 25 अंशांच्या आत ठेवायची असते हे त्याला दोनदा सांगितलं होतं. लॉट बदलला म्हणजे नवं कॅलिब्रेशन, त्यात दीड शीट गेलं.

मोठ्या आयएमआरटी (तीव्रता बदलत दिलेल्या) फील्डसाठी आमचा डिटेक्टर अॅरेच (अनेक डिटेक्टरांची पाटी) बरा, दहा मिनिटांत मोकळे. 3 सेंटीमीटरच्या खालच्या फील्डला मात्र फिल्मशिवाय मी सही करत नाही. तिसऱ्या पेटीची मागणी गेली आहे, यावेळी थंड डब्यात पाठवा असं लेखी लिहून.