1500 वर अडकलेल्यांसाठी: पझल्स की वही?

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रॅपिडचं, म्हणजे साधारण 10-15 मिनिटांच्या डावांचं, माझं रेटिंग जवळजवळ सव्वा वर्ष 1500 ते 1570 च्या मध्येच फिरत होतं. दोन दिवस वर जायचं आणि तिसऱ्या दिवशी परत जागेवर. पिन, फोर्क (एकाच सोंगटीने दोघांवर हल्ला), डिस्कव्हर्ड अटॅक असे डावपेच सगळे माहिती आहेत, तीन-चार ओपनिंगच्या सुरुवातीच्या चाली हाताला बसल्यात, तरी गाडी पुढे सरकत नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. चेस डॉट कॉमवर खेळत असाल तर आकडा थोडा खाली धरा, या पातळीवर तिथलं रेटिंग साधारण दोनेकशेनी कमी दिसतं, अर्थात प्रत्येकाचं तसंच असेल असं नाही.

या टप्प्यावर विचाराल त्याच्याकडून दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे रोज पझल्स, म्हणजे समोरच्या स्थितीत जिंकणारी चाल शोधायची कोडी, सोडव, भरपूर सोडव. दुसरा म्हणजे लांब डाव खेळ आणि हरलेला डाव स्वतः तपास. सल्ले दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेळेचा आहे. नोकरी, घर, मुलीचा अभ्यास सगळं उरकून हातात पाऊण तास राहतो आणि त्यात दोन्ही थोडं थोडं केलं की धड काहीच होत नाही, निदान माझं तरी झालं नाही. म्हणून मी आधी चार महिने फक्त पझल्स केली आणि नंतर चार महिने फक्त वही. वही म्हणजे काय ते पुढे सांगतो. ब्लिट्झ, म्हणजे तीन-पाच मिनिटांचे डाव, मी यात धरतच नाहीये, त्याने मजा येते पण अडकलेलं रेटिंग सुटतं असं मला वाटत नाही.

पझल्सची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पहिली गोष्ट म्हणजे सोय. लोकलमध्ये उभ्याउभ्या दहा पझल्स होतात, मध्येच नेटवर्क गेलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि पैसेही लागत नाहीत, लिचेसवर तर हवी तितकी फुकट. दुसरं म्हणजे नजर तयार होते. मी हान्स टिक्कानेन या स्वीडिश ग्रँडमास्टरच्या नावाने ओळखली जाणारी सुतारपक्ष्याची पद्धत वापरली, म्हणजे पझल्सचा एकच संच परत परत सोडवायचा आणि प्रत्येक फेरीला आधीपेक्षा कमी वेळ घ्यायचा. मी 300 पझल्स घेतली होती. पहिल्या फेरीला पाच आठवडे लागले, चौथी फेरी नऊ दिवसांत संपली. शेवटी शेवटी पट समोर आला की विचार करायच्या आधीच बोट चालीवर जायचं. पझल रेटिंग 1850 वरून 2150 ला गेलं.

आणि रॅपिडचं रेटिंग 1540.

तरीही पझल्समुळे काही झालं नाही असं मी म्हणणार नाही. माझा भाचा सांगलीला असतो, आठवीत आहे, तो 1100 ला होता तेव्हा त्याने सहा महिने पझल्सच केली आणि 1400 ला गेला. त्या पातळीला डाव कसे हरतात, तर घोडा फुकट जातो, वजीर फोर्कमध्ये सापडतो. तिथे पझल्सइतकं लवकर दुसरं काही लागू पडत नसावं. माझा प्रश्न वेगळा होता, आणि तो मला त्या भाच्यानेच दाखवला.

दिवाळीत तो आमच्याकडे आला होता आणि माझ्या शेजारी बसून माझा डाव बघत होता. मी पांढऱ्याने खेळत होतो, समोरच्याने कॅसलिंग करून राजा कोपऱ्याकडे नेलेला, माझा उंट डी3 वर, घोडा एफ3 वर, वजीर घरातच. चार महिने ज्या आकृत्या घोटल्या त्यातली एक हुबेहूब समोर होती, ग्रीक गिफ्ट, म्हणजे एच7 वर उंटाचा बळी देऊन राजावर हल्ला! उंट एच7 वर दिला, राजाने खाल्ला, घोडा जी5 वर शह, राजा परत जी8 ला, वजीर एच5 वर. आता एच7 वर मात टाळता येत नाही असं समजून मी मागे टेकून बसलो. समोरच्याने डी7 वरचा घोडा शांतपणे एफ6 ला आणला. एच7 राखलं गेलं, माझ्या वजिरावर हल्ला झाला, एका प्याद्यासाठी उंट गेला आणि पुढे डावही गेला. भाचा म्हणाला, "मामा, त्याचा घोडा कुठे होता ते बघितलंस का तू?" नव्हतंच बघितलं. पझलमध्ये बहुतेक वेळा ई5 वर पांढऱ्याचं प्यादं असतं, ते एफ6 चं घर अडवून धरतं. माझ्या डावात ते प्यादं सहा चालींपूर्वीच मारामारीत गेलं होतं. आकृती ओळखीची वाटली एवढ्यावरच मी उंट दिला होता.

पझल्सची मला जी गोष्ट खटकते ती इथेच आहे आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. पझल समोर आलं की आपल्याला दोन गोष्टी आयत्या कळलेल्या असतात, एक म्हणजे इथे काहीतरी आहे आणि दुसरी म्हणजे जे आहे ते आपल्या बाजूचं आहे. पहिल्या गोष्टीबद्दल सगळेच बोलतात, की डावात कोणी घंटा वाजवून सांगत नाही की आता बघ म्हणून. मला जास्त त्रास झाला तो दुसरीचा. चार महिने मी रोज मारणाऱ्याच्या खुर्चीत बसत होतो. मार खाणाऱ्याच्या खुर्चीत बसून 'हा आता मला काय करणार आहे' असं मला एकाही पझलने विचारलं नाही. बचावाची पझल्स असतात, लिचेसवर त्यांचा वेगळा विषयही आहे, पण तिथेही आपण बचाव करतोय हे आधीच माहिती असतं, म्हणजे अर्धं उत्तर हातात.

आता वही. पद्धत साधी आहे. दिवसाला एकच डाव, 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 10 सेकंद जास्तीचे. डाव संपला की लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावायचं नाही. साध्या 200 पानी वहीत तारीख, रंग, आणि जिथे डाव फिरला असं वाटतं त्या दोन-तीन चाली लिहायच्या, आणि प्रत्येक चालीसमोर त्या क्षणी मनात काय होतं तेही लिहायचं. 'बरी चाल सापडली नाही' असं लिहून चालत नाही, खरंच काय विचार चालला होता ते लिहायचं. इंजिन दुसऱ्या दिवशी. स्वतःचे डाव स्वतः तपासून त्यावर लिहा, हा आग्रह मिखाईल बोटविनिकचा होता, 1948 ला जगज्जेता झालेला माणूस, तेव्हा तर इंजिन नव्हतंच. इंजिन डाव संपल्यासंपल्या लावलं की ते सांगतं उणे 2.3, म्हणजे दोनेक प्याद्यांनी मागे, आपण मान डोलावतो आणि पुढच्या डावाला जातो. चूक कुठे झाली ते कळतं, आपण ती का केली ते इंजिनला माहिती नसतं, ते आपल्यालाच आठवतं आणि तेही तासाभरात विसरतं.

एक नोंद जशी आहे तशी देतो. 'चाल 23. त्याने हत्ती ई8 वर आणला. मला वाटलं हत्ती मोकळ्या रांगेत आणला, ठीक आहे. मी हत्तीने बी6 चं प्यादं खाल्लं. हत्ती ई1, मात.' माझ्या राजासमोरची एफ, जी, एच ची तिन्ही प्यादी घरातच होती आणि पहिल्या ओळीत राखायला कोणी नव्हतं. हीच स्थिती काळ्याच्या बाजूने पझल म्हणून आली असती तर दोन सेकंदांत सुटली असती, असली शेकड्यांनी सोडवली होती मी! पण त्या क्षणी मी माझ्या प्याद्याच्या हिशोबात होतो. पहिल्या दोन महिन्यांत 31 हरलेले डाव वहीत आले, त्यातल्या 19 डावांत वेगवेगळ्या शब्दांत हेच लिहिलेलं होतं, त्याची शेवटची चाल कशासाठी आहे ते मी बघितलंच नाही. ओपनिंगमुळे हरलेले तीन. एंडगेममुळे, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, पाच, त्यातले चार हत्तीच्या एंडगेमचे. मी सव्वा वर्ष ओपनिंगचे व्हिडिओ बघत होतो.

हे एकदा कळलं की करायचं काय ते फारच छोटं होतं, चाल करायच्या आधी समोरच्याच्या चालीचं एक वाक्य मनात बोलायचं, 'त्याने हत्ती आणला कारण...'. वाक्य पूर्ण होत नसेल तर चाल करायची नाही. यासाठीच ते 10 सेकंद लागतात, जास्तीचे सेकंद नसलेल्या 10 मिनिटांच्या सपाट डावात माझा हा विचार घड्याळापुढे टिकायचा नाही. रॅपिडला कमी समजणारे भेटतात म्हणून सांगतो, 2025 च्या जुलैमध्ये बटुमीला महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्येच लागला.

वहीचे तोटेही आहेत. ती लोकलमध्ये होत नाही, नेट गेलं की डाव गेला. एक डाव आणि लिहिणं मिळून 50 मिनिटं जातात, पाऊण तासाच्या माणसाला ते जडच, मी शेवटी लिहिण्याचं काम सकाळच्या चहावर ढकललं, तोपर्यंत विसरू नये म्हणून रात्री चालींचे नुसते आकडे आणि दोन शब्द टिपून ठेवायचे. आणि हे एकट्याचं कंटाळवाणं काम आहे. पझल सुटलं की हिरवी खूण येते, बरं वाटतं, वहीत तसलं काही नाही, उलट पहिले तीन आठवडे माझं रेटिंग 1490 ला उतरलं कारण मी प्रत्येक चालीला थांबत होतो आणि वेळेवर हरत होतो. तिथे सोडून द्यावंसं वाटतं. चौथ्या महिन्याच्या शेवटी 1660 होतं, आज 1720 च्या आसपास आहे. यातलं थोडं पझल्सचंही असेल, आधी ती झाली नसती तर वहीत सापडलेल्या चुका दुरुस्त करायला हात चालला असता का हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून तुमचे हरलेले शेवटचे दहा डाव उघडा आणि फक्त एवढंच बघा, फुकट सोंगट्या जातायत का. दहातल्या सहा-सातमध्ये जात असतील तर माझं ऐकू नका, भाच्याच्या वाटेने जा, पझल्सच करा. तसं नसेल, पझल रेटिंग रॅपिडच्या पाचशे-सहाशे वर असेल आणि तरी डाव हातातून निसटत असतील, तर मी वहीच घेईन. पझल्स पूर्ण सोडायची गरज नाही. लिचेसवर स्वतःच्याच डावांमधून निघालेली पझल्स शोधता येतात, मी आता लोकलमध्ये तीच सोडवतो. त्यातलं एखादं माझ्याच हरलेल्या डावातलं निघतं, पट समोरच्याच्या बाजूने उलटा लावलेला असतो, आणि त्याने जी चाल मला मारली ती आता मला शोधायची असते. गेल्या आठवड्यात असंच एक आलं, हत्ती ई1. सुटायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत, पण ठाण्यापर्यंत मी पुढचं पझल उघडलं नाही, माझ्या बाजूच्या त्या तीन प्याद्यांकडेच बघत होतो.