पायाखाली की नजरेसमोर?
नाझींनी मारलेल्यांची आठवण शहराने कुठे जपायची? बर्लिनमध्ये ती पदपथावर आहे. गुंटर डेमनिग या कलाकाराचे वर पितळी पत्रा असलेले १० सेंटीमीटरचे चौकोनी दगड, मारल्या गेलेल्या माणसाच्या घरासमोरच बसवलेले. ‘इथे राहत होता’, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. वाचायला मान झुकवावीच लागते.

म्युनिकने सार्वजनिक जागेत हे दगड नाकारले, २००४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये. तिथे २०१८ पासून भिंतीवर किंवा खांबावर, नजरेच्या उंचीला पाट्या लागतात. मृतांची नावं पुन्हा तुडवली जाऊ नयेत, हा म्युनिकच्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोटे क्नोब्लोख यांचा आग्रह. त्या स्वतः त्या काळातून वाचलेल्या. नावावर पाय पडणं आपल्यालाही सहन होत नाही, म्हणून तो आक्षेप मला झटकता येत नाही. तरी मी बर्लिनच्या बाजूने आहे. पाटीकडे मुद्दाम बघावं लागतं, दगड रोजच्या वाटेत येतो.