एअर की प्रो? लग्नाचा एक हंगाम चौदा इंची मॅकबुक प्रो वापरल्यानंतर

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले, तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत हा लॅपटॉप माझ्या पाठीवर होता. मी लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ करतो. राहायला डोंबिवलीत, कामं दादरपासून सांगलीपर्यंत कुठेही. घेतला तो ॲपलचा २०२१ चा चौदा इंची मॅकबुक प्रो, एम१ प्रो चिप आणि १६ जीबी रॅमचा, तोही वापरलेला. दुसरा पर्याय साध्या एम१ चिपचा मॅकबुक एअर होता. एअर १.२९ किलोचा, प्रो १.६ किलोचा, आणि पैशात चांगलंच अंतर. त्या जास्तीच्या तीनशे ग्रॅमांचं आणि पैशांचं काय मिळालं, ते सांगतो.

वजन जाणवतं, हे खरं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बॅग पुढे छातीशी धरून उभं राहिलं, की घाटकोपर येईपर्यंत खांदा बोलायला लागतो. पण लॅपटॉप एकटा कधीच जात नाही. एअर घेतला असता तर त्याच्याबरोबर हब (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारी डबी) आणि कार्ड रीडर आलाच असता, शिवाय हब दगा देईल म्हणून आणखी एक हब. म्हणून दुकानात नुसता लॅपटॉप उचलून बघण्यापेक्षा कामाला निघतानाची अख्खी बॅग काट्यावर ठेवा. अंतर बरंच कमी झालेलं दिसेल. जाडीचं तर उलटंच आहे. एअर पुढे निमुळता होतो, पण मागच्या कडेला १.६१ सेंटीमीटर भरतो. प्रो सगळीकडे सारखा, १.५५. बॅगेत जागा दोघांनाही जवळपास तेवढीच लागते.

आता पोर्ट, म्हणजे वायरी आणि कार्ड लावायच्या जागा. माझ्या मते या खरेदीत सगळ्यात मोलाचं तेच आहे.

हळद आटोपून मुहूर्ताची गडबड सुरू व्हायच्या आत मला कॅमेऱ्यातली भरलेली कार्डं रिकामी करायची असतात. त्या वेळी एकाच दमात तीन गोष्टी लागतात: चार्जिंग, कार्ड आणि बॅकअपची एसएसडी (बाहेरून जोडायची वेगवान डिस्क). एम१ एअरला पोर्ट दोनच. एक चार्जरने खाल्लं, दुसरं एसएसडीने, आणि कार्ड हातातच राहिलं. प्रोमध्ये चार्जर मॅगसेफला, म्हणजे चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जिंगच्या पोर्टला लागतो, कार्ड थेट खाचेत जातं, एसएसडी एका थंडरबोल्टला (यूएसबी-सीच्या आकाराचं वेगवान पोर्ट), आणि तरी दोन थंडरबोल्ट मोकळे राहतात. या खाचेचा वेग सेकंदाला २५० एमबीपर्यंत जातो, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड साधारण पाच मिनिटांत उतरतं. मात्र त्यासाठी कार्डही यूएचएस-टू या वेगवान प्रकारचं लागतं, मागे पिनांची दुसरी ओळ असलेलं. साधं यूएचएस-वन कार्ड त्याच कामाला दहा मिनिटांच्या वर घेतं. ही पाच मिनिटं घरी बसून काम करणाऱ्याला किरकोळ वाटतील; अंतरपाट धरायची वेळ झालेली असताना ती किरकोळ नसतात.

मॅगसेफचंही तसंच. मंगल कार्यालयात खोलीतून मुलं धावत असतात, करवल्यांची ये-जा चालू असते. वायरीत पाय अडकला की चुंबकाची पिन सुटून येते आणि लॅपटॉप टेबलावरच राहतो. मॅगसेफची वायर घरी राहिली तर थंडरबोल्टमधूनही चार्ज होतो, हे विसरू नका.

संध्याकाळी रिसेप्शनला सकाळच्या विधींची छोटी फिल्म एलईडी वॉलवर दाखवायची असते. वॉलवाला हातात एचडीएमआयची वायर देतो, ती सरळ लॅपटॉपला लागते. आधीच्या लॅपटॉपला लावलेला हब अशाच एका रिसेप्शनला तापून बंद पडला होता. मुलीचे वडील सगळ्या पाहुण्यांना पुढे बोलावून उभे होते. तेव्हापासून मुख्य कामाची वायर मी हबवर टाकत नाही.

एक पोर्ट मात्र यात नाही: जुनं रुंद यूएसबी. यजमान पेनड्राइव्ह पुढे करतात, त्यासाठी बोटभर अॅडॉप्टर बॅगेत कायम असतो. आणि कॅमेरा सीएफएक्सप्रेस कार्डाचा (या खाचेत न बसणाऱ्या वेगळ्या आकाराच्या कार्डाचा) असेल तर रीडर चुकत नाही. मग या खाचेचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. फोटो निवडणं, रंग सुधारणं, अल्बमची मांडणी यात एअर मागे पडत नाही. फरक लांबच्या एक्सपोर्टला, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढताना पडतो. एअरमध्ये पंखा नाही, त्यामुळे चिप तापली की ती आपला वेग उतरवते. प्रोमध्ये दोन पंखे आहेत, तो त्याच वेगाने चालत राहतो. प्रोरेसमध्ये (ॲपलच्या व्यावसायिक व्हिडिओ फॉरमॅटमध्ये) काम करणाऱ्यांसाठी एम१ प्रोमध्ये वेगळी यंत्रणा आहे, ती साध्या एम१ मध्ये नाही. आणि बॅटरीवर असताना कामाचा वेग पडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कार्यालयात प्लग मोकळा सापडणं कठीण.

वापरलेला घेणार असाल तर नुसत्या प्रो या नावावर जाऊ नका. २०१६ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोमधून कार्डाची खाच आणि एचडीएमआय काढून टाकलं आणि २०२१ च्या चौदा व सोळा इंची मॉडेलांत परत आणलं. मधल्या वर्षांच्या प्रोमध्ये ते नाही. एम१ आणि एम२ च्या तेरा इंची प्रोमध्येही दोनच पोर्ट आहेत, त्यामुळे माझ्यासारख्या कामाला तो एअरइतकाच अपुरा पडेल. रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, तेव्हा ते घेतानाच ठरवा.

माझी बहीण कॉलेजात शिकवते, रोज ठाण्याला जाते, आणि तिचं काम म्हणजे पेपर, मेल आणि प्रोजेक्टरवर स्लाइड. तिला मी एअरच घ्यायला सांगितला, सोबत एक एचडीएमआयचा अॅडॉप्टर. तिला कार्डाची खाच कधीच लागणार नाही, आणि ते तीनशे ग्रॅम रोज उगाच वाहायचं तिला काही कारण नाही.