रिव्हर्स घेताना मागे कोण बघणार: सेन्सर, कॅमेरा की रडार?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीतून गाडी काढायची म्हणजे साठेक फूट उलटं जायचं. एका हाताला ओटे, दुसऱ्या हाताला स्कूटरी आणि गल्लीच्या तोंडाशी पोह्यांची हातगाडी. माझी गाडी 2015 ची, मागे कंपनीचं काहीही नव्हतं. आधी सेन्सर बसवले, दोन वर्षांनी कॅमेरा. मेव्हण्याच्या नव्या गाडीला रडारही आहे आणि ती गाडी माझ्या हाताखालून बरीच गेली आहे. तेव्हा तिन्ही वापरून झालेत.

1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना रिव्हर्सचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे सेन्सर घ्यावा का, हा प्रश्न मुख्यतः त्याआधीच्या गाड्यांचा. बंपरवरची ती चार बटणं साधारण 40 हजार हर्ट्झचा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळात आला त्यावरून अंतर काढतात. मीटरभर लांबच्या भिंतीवरून तो सहा मिलिसेकंदांच्या आत परततो. भिंत किंवा दुसरी गाडी असेल तर सेन्सर सहसा चुकत नाही. पण आवाज परत तर यायला हवा! तिरका पत्रा तो भलतीकडे फेकतो, बारीक खांबावरून जेमतेम येतो, गादी-गोधडीचा ढीग तो गिळून टाकतो. आणि ओट्याच्या खालच्या पायरीला सेन्सर लांबून वाजतो, गाडी जवळ गेली की पायरी झोताच्या खाली जाते आणि वाजणं थांबतं. आपल्याला वाटतं, सुटलो. नेमकं तेव्हाच घासतं.

माझं नुकसान मात्र हातगाडीने केलं. तिचा मनगटाएवढा दांडा सरळ माझ्याकडे रोखलेला होता. पुढून पाहिलं तर एक लाकडी टिकली, बस. सेन्सरने हूं की चूं केलं नाही. टेललाइटची काच खळ्‌कन गेली, पोहेवाला जीरावन मसाला भुरभुरवता भुरभुरवता म्हणाला, "भैया, आराम से."

मग कॅमेरा लावला. त्याने दांडा दिसतो, हे खरं. पण पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा जमिनीवर आखलेल्या आहेत असं धरून चालतात. हातगाडीचं चाक लाल रेघेच्या बरंच पलीकडे दिसतं आणि हवेतला दांडा तोवर डिकीला टेकलेला असतो. मालट्रकच्या हौद्याबाहेर आलेल्या सळयांचंही तसंच. मागे चढ असला तर वस्तू आहे त्यापेक्षा लांब भासते. रेघांवर विसंबू नका, चित्र बघा. चित्राचा खरा फायदा खालच्या गोष्टींना: पायरी, गटाराची उघडी जाळी, बंपरमागे बसून चेंडू शोधणारं पोर. अमेरिकेत 2018 च्या मे महिन्यापासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, तो मुख्यतः अशा लहान मुलांपायीच.

कॅमेऱ्याची रड म्हणजे काच. पावसाळ्यात चिखलाचा एक थेंब बरोबर मधोमध बसतो. रंगपंचमीला गाडी राजवाड्याजवळ लावून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलो, तर परतल्यावर पडदा नुसता गुलाबी. रात्री जुना रिव्हर्सचा दिवा मिणमिणत असेल तर कॅमेराही आंधळाच; आधी दिवा बदला, स्वस्तात काम होतं.

रडारचा प्रकार वेगळा. ते मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आत लपवलेलं असतं आणि प्लास्टिकमधून आरपार बघतं. म्हणून त्यावर लोखंडी गार्ड चढवायचा नाही. मागून आडव्या येणाऱ्या गाडीचा वेग ते लहरींच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून ओळखतं आणि ती आपल्याला दिसायच्या आत ओरडतं. अन्नपूर्णा रोडवर तिरक्या लावलेल्या गाड्यांच्या रांगेतून मागे निघताना त्याने मला एका बुलेटवाल्यापासून वाचवलं. सेन्सर तिथे काही कामाचा नव्हता, त्याची नजर दीड मीटरची. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे बंपर बाहेर पडेपर्यंत रडारला भिंतच दिसते. शिवाय त्याचं लक्ष हलणाऱ्या वस्तूंवर. रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाईचं त्याला सोयरसुतक नाही.

एकच घ्यायचं असेल तर मी कॅमेरा सांगेन. सराफ्याच्या किंवा शितलामाता बाजाराच्या गर्दीत सेन्सर इतका सतत वाजतो की चौथ्या दिवशी तो ऐकू येणंच बंद होतं. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात ना, तसं. तरी मान वळवणं ज्यांना जमत नाही किंवा जे पडद्याकडे बघायचंच विसरतात, त्यांनी सेन्सरही लावावा. माझ्या वडिलांसाठी तोच बरा ठरला. रडारसाठी वरचं मॉडेल घ्यायचं, तर तुमचं फाटक थेट वाहत्या रस्त्यावर उघडत असेल तरच.

कॅमेरा लावून घेतलात की दुकानातून निघण्याआधी गाडीमागे एक वीट ठेवायला सांगा. लाल रेघ विटेला टेकेपर्यंत मागे या, उतरा आणि टेप लावा. माझ्या गाडीची लाल रेघ बंपरपासून दीड फुटावर निघाली, मेव्हण्याच्या गाडीची जेमतेम फूटभर.