चिनी भाषा येणाऱ्या विश्लेषकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक परीक्षण

चिनी भाषेत बऱ्यापैकी पुढे गेलेल्या विद्यार्थ्यापुढे अध्यापन आणि भाषांतर या दोन रुळलेल्या वाटांबरोबर आता ‘विश्लेषक’, म्हणजे चिनी कागदपत्रे आणि आकडेवारी वाचून निष्कर्ष काढणारा, हे पदही ठेवले जाते, आणि त्या पदाची तयारी करून घेण्याचे आश्वासन देणारे ऑनलाइन अभ्यासक्रमही निघाले आहेत. त्यांपैकी एक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याचे नाव येथे देत नाही; या धर्तीच्या अभ्यासक्रमांची मांडणी बरीचशी सारखी असते, त्यामुळे पुढील गुणदोष कमीअधिक प्रमाणात इतरांनाही लागू पडतील. माझे मत थोडक्यात असे की, यातील कागदपत्रे वाचायला शिकवणारा भाग उत्कृष्ट आहे आणि करिअरविषयीचा भाग, ज्याच्या जोरावर हा अभ्यासक्रम विकला जातो, तोच सर्वांत कच्चा आहे.

प्रवेशासाठी एचएसके या चिनी भाषेच्या अधिकृत प्रावीण्य परीक्षेची पाचवी पातळी पुरेशी मानली आहे. सहा पातळ्यांच्या जुन्या रचनेत पाचव्या पातळीला सुमारे २,५०० आणि सहाव्या पातळीला सुमारे ५,००० शब्द अपेक्षित होते, तर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नऊ पातळ्यांच्या मानकात सर्वोच्च टप्प्यावर हा आकडा ११,०९२ पर्यंत जातो. पाचव्या पातळीच्या तयारीवर बातमीचा आशय कळतो, पण रोख्याचे माहितीपत्रक किंवा मंत्रालयाचे परिपत्रक कोशाच्या मदतीनेही धड उलगडत नाही. प्रवेशाची ही अट विद्यार्थिसंख्या वाढवण्यासाठी सैल ठेवली असावी असे वाटते, कारण तिसऱ्या आठवड्यापासूनच चर्चेत बोलणारे आणि गप्प बसणारे असे दोन गट स्पष्ट दिसू लागतात.

आता उत्तम भागाकडे. शासकीय दस्तऐवज कसा वाचावा, याला या अभ्यासक्रमाने भरपूर वेळ दिला आहे आणि तो सत्कारणी लागला आहे. चिनी शासनाच्या बहुतेक औपचारिक दस्तऐवजांच्या माथ्यावर एक क्रमांक असतो : जारी करणाऱ्या संस्थेचे संक्षिप्त नाव, कंसात वर्ष आणि त्या वर्षातील अनुक्रमांक. ‘मेड इन चायना २०२५’ हे गाजलेले औद्योगिक धोरण म्हणजे राज्य परिषदेचा, म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाचा, २०१५ सालचा २८ क्रमांकाचा दस्तऐवज. तोच मजकूर राज्य परिषदेच्या नावाने निघाला, तिच्या मुख्य कार्यालयाच्या नावाने निघाला की एखाद्या मंत्रालयाच्या नावाने, यावर त्याचे वजन ठरते. शिवाय तो बंधनकारक नियम आहे, मार्गदर्शक मत आहे की हरकती मागवण्यासाठी काढलेला मसुदा आहे, हेही शीर्षकातच नोंदलेले असते. परदेशी वृत्तपत्रे हरकतींसाठीच्या मसुद्याला सर्रास ‘चीनचा नवा कायदा’ म्हणून मोकळी होतात. येथील एका स्वाध्यायात परिपत्रक आणि त्यावरची बातमी शेजारीशेजारी ठेवून बातमीतील कोणत्या वाक्याला मूळ मजकुरात आधार नाही, ते दाखवायचे होते. विश्लेषकाच्या रोजच्या कामाच्या इतका जवळ जाणारा स्वाध्याय मी अन्य कोणत्याही शिकवणीत पाहिलेला नाही.

आकडेवारीचा भागही तितकाच काटेकोर आहे. चिनी मोजणीत दहा हजार आणि दहा कोटी ही मोठी एकके असल्यामुळे कंपनीच्या तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एकक : दहा हजार युआन’ असे लिहिलेले असते, आणि ती ओळ नजरेतून सुटली की पुढचे सगळे गुणोत्तर कोसळते. जानेवारी आणि फेब्रुवारीची औद्योगिक उत्पादनाची व किरकोळ विक्रीची आकडेवारी चांद्र नववर्षाच्या सुटीमुळे एकत्र दिली जाते, हे ठाऊक नसणारा माणूस जानेवारीचा आकडा शोधत बसतो. तरुणांच्या बेरोजगारीचे उदाहरण तर फारच चांगले निवडले आहे. जून २०२३ मध्ये हा दर २१.३ टक्के होता, ऑगस्टमध्ये त्याचे प्रकाशन थांबवण्यात आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना वगळणारी नवी पद्धत वापरून डिसेंबरचा दर १४.९ टक्के म्हणून जाहीर झाला. हे दोन आकडे एकाच आलेखावर जोडणारा अहवाल परीक्षकाने परत पाठवला, आणि ते योग्यच होते.

कंपन्यांच्या विश्लेषणाच्या भागाविषयी मात्र माझा थोडा मतभेद आहे. शांघाय आणि शेनझेन शेअर बाजारांतील कंपन्यांना मागील वर्षाचा वार्षिक अहवाल ३० एप्रिलपर्यंत द्यावा लागतो, आणि त्याचा अधिकृत पाठ चिनी असतो. त्यामुळे अहवालाच्या शेवटी असलेल्या टिपा, विशेषतः संबंधित पक्षांशी (मोठे भागधारक, संचालक, भगिनी कंपन्या) झालेले व्यवहार, मूळ भाषेत वाचणाऱ्याला खरोखरच आघाडी मिळते. येथवर सारे ठीक आहे. पण या भागाचा मुकुटमणी म्हणून लकिन कॉफी या चिनी कॉफी दुकानांच्या साखळीतील बनावट विक्रीचे प्रकरण सांगितले जाते, आणि ते भाषाज्ञानाचा विजय म्हणून मांडले जाते. मडी वॉटर्स या कंपन्यांतील गैरव्यवहार उघड करणाऱ्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने ३१ जानेवारी २०२० रोजी प्रसृत केलेल्या निनावी अहवालामागे दीड हजारांहून अधिक माणसांनी दुकानांत बसून केलेली मोजणी, ग्राहकांकडून गोळा केलेल्या २५,८४३ पावत्या आणि ११,२६० तासांचे चित्रीकरण होते. एप्रिलमध्ये कंपनीनेच सुमारे २२० कोटी युआनची विक्री बनावट असल्याचे उघड केले आणि त्याच वर्षी तिचे शेअर नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावरून हटले. पावत्या वाचायला चिनी लागलीच, परंतु घोटाळा पकडला तो मोजणीने. हे स्पष्ट न सांगितल्यामुळे नवख्याचा असा समज होतो की, अहवाल बारकाईने वाचला की लबाडी आपोआप हाती लागते.

सायबर सुरक्षेवरील प्रकरण आटोपशीर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आय-सून या, सरकारी यंत्रणांसाठी हॅकिंग करणाऱ्या चिनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे फुटली, त्यांत कर्मचाऱ्यांच्या गप्पांचा मोठा साठा होता. अशी बोली, तुटक आणि कुरकुरीने भरलेली भाषा पाठ्यपुस्तकी चिनीवर पोसलेल्याला किती जड जाते, ते एका तासात नीट कळते. पेटंट विश्लेषणाला जेमतेम अर्धा तास दिला आहे, हे खटकते, कारण जगात सर्वाधिक पेटंट अर्ज चीनमध्येच दाखल होतात.

राहिला करिअरचा भाग. शेअर संशोधन, व्यवहारापूर्वीची कंपनी पडताळणी, निर्बंधांचे अनुपालन, पुरवठा साखळीची जोखीम, धोरण संशोधन संस्था, शासकीय सेवा अशी क्षेत्रांची यादी पडद्यावर सरकत जाते आणि प्रत्येकाखाली आकर्षक पदनामे येतात. या प्रत्येक ठिकाणी आधी विषय विचारला जातो आणि मग भाषा, हे कोणीही ठामपणे सांगत नाही. ताळेबंद वाचता येणाऱ्याला चिनी येत असेल तर त्याचे मोल वाढते; नुसती चिनी येणाऱ्याच्या हाती बहुधा सारांश लिहिण्याचे काम येते, आणि नेमके तेच काम यंत्रानुवादाने सर्वांत आधी गिळले आहे. गुप्तवार्ता आणि संरक्षण खात्यांतील पदांना नागरिकत्वाची अट आणि प्रदीर्घ सुरक्षा पडताळणी असते, तिचा उल्लेखही नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, या भागाचे चित्रीकरण जुने आहे. एप्रिल २०२३ पासून सीएनकेआय या शोधनिबंधांच्या भांडाराचा काही भाग परदेशी वाचकांसाठी बंद झाला, त्याच वर्षी मार्चमध्ये मिंट्झ ग्रुप या तपास संस्थेच्या बीजिंग कार्यालयावर छापा पडून पाच स्थानिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले, आणि १ जुलैपासून हेरगिरीविरोधी सुधारित कायदा लागू झाला. प्रत्यक्ष चीनमध्ये राहून कंपन्यांची चौकशी करण्याचे काम त्यानंतर पूर्वीसारखे राहिलेले नाही, तरीही येथे बीजिंगमधील कार्यालयाचे प्रसन्न चित्र दाखवले जाते.

दुरून वाचून निष्कर्ष काढण्याची परंपरा या व्यवसायाला नवी नाही. हंगेरियन जेझुइट (कॅथलिक) धर्मगुरू लास्लो लादानी यांनी १९५३ ते १९८२ या काळात हाँगकाँगमध्ये बसून चिनी वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्या आधारे साप्ताहिक वार्तापत्र चालवले. त्यांच्यावरचा पाठ हा या अभ्यासक्रमातील सर्वांत सुंदर पाठ आहे आणि तो करिअरच्या भागात असता तर अधिक शोभला असता, कारण काय छापले आहे याइतकेच काय छापलेले नाही, हे पाहण्याची सवय त्यातून लागते. मे २०२० मध्ये चिनी पंतप्रधानांच्या कार्य अहवालात वार्षिक वाढीचे उद्दिष्टच दिलेले नव्हते. यंत्र समोर असलेल्या वाक्याचे भाषांतर देते. गेल्या वर्षी असलेले वाक्य या वर्षी नाही, हे ज्याने दोन्ही अहवाल वाचले आहेत त्याच्या पटकन लक्षात येते.

स्वाध्यायांची तपासणी तत्पर आणि नेमकी आहे, पाठांची ध्वनिचित्रमुद्रणे अभ्यासक्रम संपल्यावरही पाहता येतात, आणि शुल्क मात्र त्यातील उत्तम भाग विचारात घेतला तरी जास्तच आहे. अर्थशास्त्र, कायदा, लेखापरीक्षण किंवा संगणक सुरक्षा यांपैकी एखाद्या विषयात ज्याचे शिक्षण झाले आहे आणि जो चिनी वृत्तपत्र कोशाशिवाय वाचू शकतो, त्याने दस्तऐवज व आकडेवारी हे दोन विभाग स्वतंत्रपणे घेता येतात का, ते संस्थेला विचारून पाहावे. भाषेखेरीज दुसरा विषय हाताशी नसलेल्याने हेच पैसे आधी लेखाशास्त्राच्या प्राथमिक शिकवणीत घालावेत. नोकरी मिळवून देण्याच्या आश्वासनाविषयी विचारले असता संस्थेकडून मला फक्त परिचयपत्राचा एक नमुना आणि मुलाखतीच्या प्रश्नांची यादी मिळाली. त्यातील एकही प्रश्न चिनी भाषेत नव्हता.