आर्क फ्लॅश रिले: ११ महिन्यांनंतर

आमच्या ११ किलोव्होल्टच्या पॅनेलवर आर्कचा (फॉल्टमध्ये हवेतून पेटणाऱ्या विजेच्या झोताचा) उजेड पाहून ब्रेकरला ट्रिप, म्हणजे वीज तोडायचा हुकूम, देणारा रिले बसवून ११ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं.

घेतला तो ग्रेडिंगच्या जुन्या दुखण्यामुळे. ग्रेडिंग म्हणजे फॉल्टच्या जवळच्या रिलेने आधी तोडायचं, वरच्याने थोडं थांबून. खालच्या रिलेला ०.३ सेकंद, फीडरला (पॅनेलमधून बाहेर वीज नेणाऱ्या शाखेला) ०.६, इन्कमरला (पॅनेलला वीज आणणाऱ्या मुख्य ब्रेकरला) ०.९, अशी आमची उतरंड. इन्कमरचा टाइम मल्टिप्लायर (वेळ ठरवणारं सेटिंग) ०.३, म्हणजे करंट वाढेल तशी वेळ कमी करणाऱ्या स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर, पिकअपच्या (रिले जागा होतो त्या करंटच्या) १० पट करंटलाही जवळपास ०.९ सेकंद. कागदावर हे सुरेख दिसतं. पण आर्क बसबारवर (सगळ्या फीडरना वीज देणाऱ्या सामाईक पट्ट्यांवर) पेटला तर खालच्या रिलेंना त्याचा पत्ताच नसतो, आणि इन्कमर त्यांची वाट बघत उभा राहतो. जिथे करंट सगळ्यात मोठा, तिथलाच रिले सगळ्यात निवांत! आर्कची ऊर्जा वेळेबरोबर वाढत जाते. इन्कमरची वेळ कापावी, तर बाहेरच्या साध्या केबल फॉल्टलाही अख्खा बोर्ड, म्हणजे सगळं पॅनेल, बंद पडणार. बसबार डिफरन्शियलसाठी (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या करंटचा फरक पाहणाऱ्या संरक्षणासाठी) लागणारे वेगळे सीटी (करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) कोंबायला जुन्या पॅनेलमध्ये जागा नव्हती.

हा रिले त्या उतरंडीत येतच नाही. उजेड आणि जास्त करंट एकाच वेळी दिसले की साधारण २ मिलिसेकंदांत ट्रिप सोडतो. पुढचा वेळ ब्रेकरचा, आमच्या व्हॅक्यूम ब्रेकरला ५५ मिलिसेकंदांच्या आसपास. ग्रेडिंगच्या एकाही सेटिंगला हात लावावा लागला नाही.

बसवण्यात मेहनत सेन्सरच्या जागा ठरवण्याची. केबल बॉक्समधल्या आर्कला त्याच फीडरचा ब्रेकर पुरतो. ब्रेकरच्या खणातला आर्क मात्र इन्कमरनेच तोडायला हवा, कारण फीडरचा ब्रेकर स्वतःच त्या आगीत असतो. आम्हाला मिळालेल्या जोडणीत सगळे सेन्सर सरसकट इन्कमरला होते. ते वेगळे करण्यात दोन शटडाउन गेले.

आता खरी परीक्षा. सातव्या महिन्यात एका फीडरच्या ब्रेकर खणात, ओल धरलेल्या स्पाउटवर (ब्रेकर जिथे जोडला जातो त्या इन्सुलेटरच्या नळीवर), आर्क झाला. बोर्ड बंद पडला, कोणाला इजा नाही. सगळे खूश. मी इव्हेंट रेकॉर्ड उघडला आणि खुशी उतरली: उजेड शून्याला नोंदलेला, ट्रिप मात्र १४० मिलिसेकंदांनी.

कारण साधं होतं. आमचा न्यूट्रल (ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू) रेझिस्टरमधून अर्थ केलेला, त्यामुळे अर्थ फॉल्टचा, म्हणजे एका फेजमधून जमिनीकडे जाणारा, करंट ४०० अँपिअरच्या वर जातच नाही. रिलेत करंटची अट फक्त फेजची होती, १८०० अँपिअरची. सुरुवातीचा आर्क एका फेजचा. उजेड भरपूर, पण करंटची अट पुरी होईना. तो दुसऱ्या फेजपर्यंत पसरला तेव्हा कुठे ट्रिप आली. म्हणजे आर्क वाढेपर्यंत रिले थांबून होता! ब्रेकरसह सगळं मिळून २०० मिलिसेकंदांत आटोपलं, जुन्या पद्धतीत याच्या कितीतरी पट लागले असते, हे मान्य. तरी ६० मध्ये संपायला हवं होतं. रेसिड्युअल करंटचा (तिन्ही फेजच्या बेरजेचा, ज्यात अर्थ फॉल्ट दिसतो) पिकअप चालू करायची सोय रिलेत होतीच, पण कारखान्यातून ती बंद येते आणि पुस्तिकेत तिच्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. हा राग अजून गेलेला नाही.

खोटी ट्रिप एकदाही नाही. मागचं झाकण काढून कोणी फ्लॅशने फोटो काढला की उजेडाचा अलार्म येतो, एवढंच. पण ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना (त्याला वीज जोडताना) इनरशने, म्हणजे सुरुवातीच्या क्षणिक मोठ्या करंटने, करंटची अट पुरी होऊ शकते, आणि त्याच क्षणी उघड्या खणात लख्ख ऊन पडलं तर? आमचा उजेडाचा उंबरठा १० हजार लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) आहे, थेट ऊन लाखाच्या घरात. म्हणून चार्जिंगच्या वेळी सगळी झाकणं बंद, हा नियम केला.

सेन्सरच्या भिंगांवर धूळ बसते. रिले फायबरची तपासणी स्वतः करतो, पण मळलेल्या भिंगाबद्दल आमच्याकडे तरी तो कधी बोलला नाही. प्रत्येक शटडाउनमध्ये मऊ फडक्याने पुसतो. ब्रेकर अडकला तर १५० मिलिसेकंदांनी वरच्याला ट्रिप देणारं फंक्शनही आहे. चाचणीत चाललं, प्रत्यक्षात गरज पडलेली नाही.

दुसऱ्या बोर्डासाठीही हाच मागवलाय. या वेळी रेसिड्युअल पिकअप चालू करूनच पाठवा, असं ऑर्डरमध्ये लिहून दिलंय, आणि आल्यावर सेकंडरी इंजेक्शनने (रिलेला चाचणीचा करंट देऊन) तेच आधी तपासणार आहे.