होरी-होरी घ्यावी की नेजिरी-गामा?

जपानी बागकामाची हत्यारं शोधायला लागलं की पहिली डोळ्यांत भरते ती होरी-होरी. देखणं पातं, लाकडी मूठ, कमरेला लावायचं म्यान. भुरळ पडतेच. पण पैसे मोजण्याआधी आठवून बघा, बागेत तुमचा जास्त वेळ रोपं लावण्यात जातो की तण काढण्यात?

‘होरु’ म्हणजे खणणं, त्यावरून होरी-होरी. जपानात डोंगरातल्या रानभाज्या मुळासकट काढायला ती वापरतात. पातं साधारण 17-18 सेंटिमीटर, मधे किंचित खोलगट; एका कडेला धार, दुसरीला करवतीसारखे दाते. कुंडी बदलताना कडेनं फिरवली की मातीचा गोळा सुटतो, गुंतलेली मुळं दात्यांनी कापता येतात. काही पात्यांवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, निशिगंधाचे कंद लावताना त्या उपयोगी पडतात. गच्चीवर कुंड्याच कुंड्या असतील तर बिनधास्त घ्या. वाफाभर कोवळं तण काढायला मात्र ही घेऊन बसू नका, एकेक रोप उकरता उकरता मनगट भरून येईल.

त्या कामाला नेजिरी-गामा. नेजिरी म्हणजे पिळलेला, कामा म्हणजे विळा. जोडशब्दात ‘का’चा ‘गा’ होतो. छोटं पातं मानेशी पिळून दांड्याला आडवं बसवलेलं असतं. ते जमिनीलगत ठेवून आपल्याकडे ओढायचं, की तण मातीच्या जेमतेम खाली कापलं जातं. टोक फरशीच्या फटीतही शिरतं. खुरपं चालवलेल्या हाताला ते फार शिकवावं लागत नाही. फोटोत ती काहीच वाटत नाही, पण माझं मत तिलाच. डावखुरे असाल तर डाव्या हाताची मागून घ्या, उलट्या पिळाची हातात नीट चालत नाही. आणि नागरमोथ्यापुढे हिचंही काही चालत नाही. वरचं कापलं तरी खालच्या गाठी पुन्हा फुटतात. तिथे होरी-होरीनं खोल जाऊन गाठ काढावी लागते.

अंगणात जमीन असेल तर तिसरं नाव बिच्चू-गुवा. बिच्चू हा जपानातला जुना प्रांत, म्हणजे आजच्या ओकायामा प्रांताचा पश्चिम भाग, कुवा म्हणजे मातीत मारून ओढायचं अवजार. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) ते जपानभर पसरलं. सलग पात्याऐवजी 3-4 लांब दाते असल्यामुळे चिकट माती कमी धरते आणि खोल घुसते. पावसानंतर फावड्याला काळी माती कशी चिकटते हे ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको. पाय देऊन दाबायच्या विलायती कुदळीपेक्षा ते आपल्या फावड्याला जवळचं, कारण दोन्ही ओढूनच चालतात. पण 4 कुंड्यांसाठी घेतलंत तर भिंतीलाच टेकून राहील.

पोलादाचं म्हणाल तर कार्बन स्टीलला धार छान लागते, पण ते गंजतं. कोकणात, किंवा हत्यार ओलं तसंच टाकायची सवय असेल तर, स्टेनलेस बरं. जपानात पात्याला त्सुबाकीचं, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं, तेल लावतात. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला तरी भागतं. कुवाचा दांडा सैल झाला तर डोकं थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. आपल्या कुदळीचंही तसंच.

जपानहून कुणी येणार असेल तर यातलं काहीही केबिनच्या पिशवीत घालू नका म्हणावं, विमानतळावर काढून घेतील.